गेमिंग पीसी जोडताना: मेमरी आणि ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोटेशन हातात आलं की पहिली नजर ग्राफिक्स कार्डावर जाते, दुसरी कॅबिनेटच्या लाइटिंगवर. रॅमच्या (म्हणजे मेमरीच्या) ओळीत नुसतं '१६ जीबी' लिहिलेलं असतं आणि विंडोजच्या ओळीत बहुतेक वेळा काहीच नसतं. पुढे त्रास होतो तो नेमका या दोन ओळींमुळे. म्हणून इथले बरेचसे प्रश्न त्यांचेच आहेत. जोडीला आपल्याकडची वीज, पाऊस आणि खरेदी यांचेही थोडे आहेत.

सुरुवात कुठून करायची? प्रोसेसरपासून की ग्राफिक्स कार्डापासून?

गेमपासून. रोज खेळणार असाल ते तीन-चार गेम आधी कागदावर लिहा. त्यात व्हॅलोरंट, फोर्टनाइट किंवा पीसीवरचा पब्जी असेल तर विंडोज घ्यावंच लागेल, दुसरा पर्यायच नाही. यादीत काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि एकट्याने खेळायचे मोठे गेम असतील तर लिनक्सचाही (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) विचार करता येतो. हे ठरलं की रॅम किती आणि कुठल्या पिढीची ते ठरतं, त्यावरून मदरबोर्ड ठरतो आणि बोर्डावरून प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी काढून दुसरं लावता येतं. बोर्ड आणि रॅमची पिढी चुकली की अर्धी मशीन बदलावी लागते.

दादा, ८ जीबी रॅममध्ये भागेल का?

नवीन मशीन घेताना नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक ८ जीबीवर सुरू होतात हे खरं आहे. पण विंडोज ११ स्वतःच तीन-चार जीबी धरून बसतं, वर डिस्कॉर्ड (गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं ॲप) आणि ब्राउझर उघडे असतात. रॅम भरली की विंडोज उरलेला भार एसएसडीवर (फायली साठवणाऱ्या डिस्कवर) ढकलतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या तुलनेत फार हळू, आणि मग ऐन मारामारीत चित्र अर्धा सेकंद अडकतं. एफपीएसचा (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) आकडा चांगला दिसत असूनही गेम 'अडखळतो' अशी तक्रार येते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

१६ जीबी ही आजची तळरेषा धरा. सायबरपंक २०७७ सारख्या गेमची शिफारसही १६ जीबीचीच आहे. डीडीआर५ (रॅमची डीडीआर४ नंतरची पिढी) असलेली नवीन मशीन घेत असाल आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर ३२ घ्या. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची किमान अट १६ जीबी आहे आणि शिफारस ३२ ची. निव्वळ गेमिंगसाठी ६४ जीबी घेण्याची गरज नाही. तो पैसा ग्राफिक्स कार्डात घाला.

१६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) घेऊ की ८-८ च्या दोन? दुकानदार म्हणतो एकच घे, पुढे वाढवता येईल.

या प्रश्नावर थोडं थांबूया, कारण सगळ्यांत जास्त कामगिरी इथेच वाया जाते.

प्रोसेसरकडून रॅमकडे जाणारे रस्ते दोन असतात. स्टिक एकच लावली तर एक रस्ता रिकामा राहतो. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन लावल्या की ५१.२. क्षमता तेवढीच, वहन दुप्पट.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर या फरकाचा फटका मर्यादित असतो. कार्डाची स्वतःची मेमरी असते. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी मॉडेलमध्ये ती सेकंदाला ३६० जीबी डेटा देते. तरीही प्रोसेसरवर ताण देणाऱ्या गेममध्ये फरक जाणवतो.

खरा घात होतो तो कार्ड न घेणाऱ्यांचा. बजेट कमी म्हणून एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी घेतात आणि 'कार्ड पुढच्या दिवाळीला' असं ठरवतात. निर्णय शहाणपणाचाच आहे. पण या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमचीच रॅम वापरतं. तिथे एकच स्टिक लावणं म्हणजे ग्राफिक्सचा श्वास अर्धा कोंडणं. अशा मशीनमध्ये दोन स्टिकबाबत तडजोड करू नका, मग कॅबिनेट साधं घ्यावं लागलं तरी चालेल.

डीडीआर५ च्या बाबतीत एक पोटनियम आहे. ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर बहुतेक वेळा चारच चिप असतात आणि त्यांची आतली रचना १६ जीबीच्या स्टिकपेक्षा थोडी मंद पडते. त्यामुळे डीडीआर५ मध्ये १६-१६ ची जोडी सर्वांत उत्तम.

दोन स्टिक बसवताना चार खाचा असलेल्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरा. बोर्डावर तिथे बहुधा ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या खाचांत दोन्ही घातल्या तर त्या एकाच रस्त्यावर येतात आणि जोडी घेतल्याचा उपयोग राहत नाही.

डीडीआर४ घेऊ की डीडीआर५?

हे तुम्ही नाही, बोर्ड ठरवतो. दोन्हींना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएमडीच्या एएम४ बोर्डांवर डीडीआर४ चालते, एएम५ वर फक्त डीडीआर५ (एएम४, एएम५ ही प्रोसेसर बसायच्या सॉकेटची नावं). इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीला दोन्ही चालतात, पण बोर्ड कुठल्या प्रकारचा आहे ते पाहावं लागतं, कारण जवळपास सारख्याच नावाचे दोन्ही प्रकारचे बोर्ड बाजारात आहेत. त्यानंतरच्या डेस्कटॉप कोअर अल्ट्रा २०० मालिकेला फक्त डीडीआर५.

माझं मत विचाराल तर: घरात चांगली डीडीआर४ रॅम आधीच पडून असेल, किंवा बजेट अगदी घट्ट असेल, तर एएम४ वर रायझन ५ ५६०० आजही समाधानकारक आहे. सगळं नव्याने घेणार असाल तर एएम५ घ्या, म्हणजे पुढे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता येईल.

३२००, ३६००, ६०००, सीएल१६, सीएल३०… यातलं काय बघायचं?

दोन्ही आकडे एकत्र बघायचे. सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम घड्याळाचे किती ठोके घेते तो आकडा. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं, जितकं कमी तितकं चांगलं. डीडीआर४ ३२०० सीएल१६ चं उत्तर १०. डीडीआर५ ६००० सीएल३० चंही १०. म्हणजे 'सीएल वाढला, रॅम मंद झाली' हा समज बरोबर नाही. पण ३२०० सीएल२२ चं उत्तर १३.७५ येतं, आणि स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा हीच रॅम असते. रायझन ५००० साठी ३६०० सीएल१६ किंवा सीएल१८, रायझन ७००० आणि ९००० साठी ६००० सीएल३०. याच्या वर जादा पैसे मोजून हाती फार काही लागत नाही.

रॅम ६००० ची घेतली, पण टास्क मॅनेजरमध्ये ४८०० दिसते. फसवलं का?

नाही, सेटिंग बंद आहे. रॅम पहिल्यांदा लावली की ती ठरलेल्या सुरक्षित वेगानेच चालते. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या मेनूत) जाऊन रॅमचा जाहिरातीतला वेग लावणारी सेटिंग, म्हणजे इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी आणि एएमडीच्या बोर्डावर एक्सपो (जुन्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी असंही नाव दिसतं) चालू करा, सेव्ह करा, झालं. हे न केलेल्या मशीन सर्रास सापडतात. दुकानातून मशीन नेतानाच हे चालू करून दाखवायला सांगा.

मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसत असेल तर घाबरू नका. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते आणि तो प्रोग्रॅम ठोके मोजून दाखवतो. आकडा दुप्पट करून वाचायचा.

सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. बोर्ड गेला का?

एएम५ असेल तर आधी थांबा. डीडीआर५ पहिल्यांदा लावल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर पडद्यावर काहीच येत नाही. घाबरून मधेच बटण दाबून बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं वाट पाहूनही काही झालं नाही तर वीज पूर्ण बंद करून रॅम काढून परत बसवा. टक्क असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते आणि नवख्या माणसाचा हात भीतीने अर्ध्यातच थांबतो. तरी नाही जमलं तर एकच स्टिक लावून बघा.

जुन्या रॅमसोबत नवीन रॅम चालेल का?

चालेल, पण हमी नाही. वेगवेगळ्या स्टिक सगळ्यांत मंद असलेल्या स्टिकच्या वेगाने चालतात, कधी एक्सएमपी लावला की मशीन चालूच होत नाही. डीडीआर५ मध्ये तर चार स्टिक लावणं टाळाच. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० चा अधिकृत वेग आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. म्हणून पुढे वाढवायचा विचार असेल तर आत्ताच एका खोक्यातली जोडी घ्या.

रॅमचे दर एवढे का वाढलेत? थांबू का?

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून दर जोरात चढले. जगातली बहुतेक रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि त्यांचं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळलं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. हे कारण लवकर मिटण्यासारखं नाही. मशीनची गरज आत्ता असेल तर नुसतं स्वस्ताईची वाट बघत थांबू नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल आणि पैसे खरोखरच पुरत नसतील, तर डीडीआर५ ची १६ जीबीची एक स्टिक आज घेऊन पुढे तिच्याच मॉडेलची दुसरी लावणं ही चालण्यासारखी तडजोड आहे. फक्त मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या. कार्डाशिवायच्या मशीनला ही सूट नाही, हे वर सांगितलंच आहे.

विंडोज १० वरच राहिलं तर?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण नव्या मशीनवर जुनं विंडोज टाकण्यात अर्थ नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय) आणि सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) लागतं. आजच्या बोर्डांत दोन्ही असतं, कधी बायोसमध्ये बंद असतं एवढंच. व्हॅलोरंट विंडोज ११ वर या दोन्ही गोष्टी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. त्यामुळे बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू आणि डिस्क जीपीटी (डिस्कचे भाग पाडण्याची नवी पद्धत) प्रकारची, असं करूनच विंडोज टाका. नंतर बदलायला गेलं की डोकेदुखी होते.

दुकानात विंडोज 'टाकून देतो' म्हणतात. ते चालतं की!

विचारा की ते कुठलं विंडोज आहे. लायसन्सचं असेल तर बिलावर वेगळी ओळ दिसायला हवी. क्रॅक केलेलं असेल तर ते टाकणारा प्रोग्रॅम आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, आणि इथेच मला काळजी वाटते. ज्या मशीनवर मुलगा गेम खेळतो, त्याच मशीनवर घरचे नेट बँकिंग करतात, दुकानाचा जीएसटी भरतात. स्टीम (गेमचं ऑनलाइन दुकान), डिस्कॉर्डचे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम याच वाटेने येतात. वर्षानुवर्षं जमवलेलं स्टीमचं खातं गेलेल्या पोराचा चेहरा बघवत नाही.

बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून विंडोज ११ होम धरा. रिटेल लायसन्स पुढच्या मशीनवर नेता येतं, ओईएम लायसन्स (एकाच मशीनपुरतं) त्या बोर्डाशी बांधलेलं राहतं. इंटरनेटवर शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या 'की' कधीही रद्द होऊ शकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. पैसे अगदीच नसतील तर लिनक्स टाका. ते फुकटही आहे आणि कायदेशीरही.

विंडोज टाकताना इंटरनेट मागतं आणि नव्या बोर्डाच्या वाय-फायचा ड्रायव्हर त्यात नसतो, इथे बरेच जण अडकतात. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम होतं.

लिनक्सवर गेम खरंच चालतात?

पूर्वी नाही म्हणावं लागायचं. २०१८ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, २०२२ मध्ये त्यावर चालणारं स्टीम डेक हे हातातलं गेमिंग मशीन आलं आणि चित्र पालटलं. एल्डन रिंग, सायबरपंक यांसारखे गेम लिनक्सवर नीट चालतात, काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठी मुळातच आहेत. अडचण येते ती अँटी-चीटची (गेममधली फसवेगिरी पकडणाऱ्या प्रोग्रॅमची). व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पब्जी, जीटीए ऑनलाइन चालत नाहीत, एपेक्स लेजंड्सने २०२४ मध्ये दार बंद केलं. आपला गेम चालतो का ते प्रोटॉनडीबी या साइटवर आधी तपासा.

लिनक्स घ्यायचं ठरलं तर कार्ड एएमडीचं घ्या, त्याचा ड्रायव्हर आतच असतो. एनव्हिडियाचंही चालतं, पण ड्रायव्हरकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. नवख्याने लिनक्स मिंट किंवा गेमिंगसाठीच बनवलेलं बझाइट यांपासून सुरुवात करावी. दोन्ही सिस्टिम हव्या असतील तर दोन वेगळ्या एसएसडीवर ठेवा. आणि बायोसला हात लावण्याआधी विंडोजची बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) रिकव्हरी की लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने टाकलेलं विंडोज ११ हल्ली न विचारताच डिस्क एन्क्रिप्ट करतं.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. गेमिंग पीसीवर कॉलेजचं कामही होईल ना?

होईल, आणि चांगलं होईल. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे घराघरांत कुणीतरी डिझाइनचं काम करतं. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरला १६ जीबी किंवा जास्त रॅम लागते, चांगलं कार्ड उपयोगी पडतं. पण सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड लिनक्सवर येत नाहीत, म्हणून या घरात विंडोजच. मशीन घरी ठेवा, वर्कशॉपमध्ये नको. लेथ आणि ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यातून आत जाऊन बोर्डावर बसते आणि ती वीज वाहते.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. रॅमला धोका आहे का?

धोका तुम्हालाही आहे आणि मशीनलाही. पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातून. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हे काम मशीन घरी येण्याआधीच करा, कारण त्याचा खर्च एका रॅमपेक्षा कमी आहे.

यूपीएस घ्यावा का?

घ्यावा, पण वॅट बघून. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ऑफिसच्या मशीनला तो पुरतो, गेमिंग मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या टोकाला जातात आणि लाईट गेली की तो ओरडून बंद पडतो. किमान १ केव्हीए (१००० व्हीए) घ्या, जमल्यास प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा). मॅच पूर्ण करायला नाही, मशीन नीट बंद करायला. विंडोज अपडेट चालू असताना लाईट गेली तर सिस्टिम बिघडते, बायोस अपडेट करताना गेली तर बोर्डच अडकून पडू शकतो. पावसाळी वाऱ्यात बायोस अपडेट करू नका.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

आठवडाभर बाहेर जाणार असाल तर प्लग काढून ठेवा. एरवी दमट दिवसांत दोन-तीन दिवसांतून एकदा तरी मशीन चालू करा, आतला ओलावा सुकतो. बरेच दिवस बंद राहिलेली मशीन चालू झाली नाही तर रॅम काढून तिचे सोनेरी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि परत बसवा, निम्म्या वेळा तेवढंच पुरतं.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ कुणी विसरलेलं नाही. सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या सखल भागात तळमजल्यावर राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचली की मशीन सोडवून वर न्या. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका, तेव्हा घरात उचलायला इतर बरंच काही असतं. पाण्यात भिजलेली मशीन 'चालते का बघू' म्हणून कधीही लावू नका.

पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवू, की राजारामपुरी-शाहूपुरीतून घेऊ?

दर सगळीकडे विचारा, पण फरक हजार-दोन हजारांचाच असेल तर इथेच घ्या. स्टिक खराब निघाली तर पुण्याच्या चकरा परवडत नाहीत. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. 'बिलाशिवाय थोडं कमी करतो' याला हो म्हणू नका. रॅमची वॉरंटी बऱ्याच कंपन्या अनेक वर्षांची देतात, पण ती मागायला बिलच लागतं.

गेम मधेच बंद पडतो, कधी निळा पडदा येतो. विंडोज परत टाकू का?

आधी रॅम तपासा. बिघडलेली रॅम विंडोजच्या फायलीही बिघडवते आणि दोष मात्र विंडोजवर जातो. पहिल्यांदा एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून एक दिवस खेळून बघा. त्रास थांबला तर रॅम जाहिरातीतल्या वेगाला टिकत नाही किंवा बायोस जुना आहे. नाही थांबला तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी रॅमच्या बाजूने गडबड आहे असं समजा. मग एकेक स्टिक एकाच खाचेत लावून पुन्हा चाचणी घ्या. एकच स्टिक चुकत असेल तर ती खराब, दोन्ही चुकत असतील तर खाच किंवा बोर्ड. चुका दाखवणाऱ्या लाल ओळींचा फोटो काढा, बिल घ्या आणि दुकानात जा. जोडी म्हणून घेतली असेल तर दोन्ही स्टिक परत द्या आणि बदल्यातही जोडीच मागा.